अर्थशास्त्र शिकायला परदेशी : दीक्षाभूमीच्या गावातून

थर्ड इयर संपत आलं की आपल्या होस्टेलवर एकच विषय सुरू होतो, पुढे काय? कोणी गेटची पुस्तकं काढतं, कोणी एमपीएससीची, कोणी "एमएस करणार" म्हणून जीआरईच्या शब्दांचे कागद भिंतीवर चिकटवतं. "मी अर्थशास्त्र शिकायला परदेशात जाणार" असं मात्र कोणी म्हणत नाही. चुकून म्हटलंच तर चार जण एकदम विचारतील, "कायले बे? इंजिनिअरिंग सोडून इकॉनॉमिक्स?"

गंमत म्हणजे हा प्रश्न ज्या शहरात विचारला जातो, त्याच शहरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. नागपूरनंतर दोनच दिवसांनी त्यांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दीक्षाभूमीवरून आपण सिटी बसने, ऑटोने कितीदा तरी जातो. बाबासाहेब म्हटले की आपल्याला घटना आठवते, पण शिक्षणाने ते आधी अर्थशास्त्रज्ञ होते. कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडनची एम.एससी. आणि डी.एससी. या चारही पदव्या अर्थशास्त्राच्या. म्हणजे 'परदेशी विद्यार्थ्याला अर्थशास्त्राला प्रवेश कसा मिळतो' हा विषय आपल्या गावाला नवा नाही. मित्रमैत्रिणींनो, म्हणूनच आजचे नियम सांगण्याआधी जरा त्यांची फाईल उघडून बघू या.

१९१३ साल. हातात मुंबई विद्यापीठाची बी.ए. आणि बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ही काही बक्षिसी नव्हती. जून १९१३ मध्ये त्यांनी करारावर सही केली की शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करीन. आजच्या भाषेत बॉन्ड! जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. राहायला काय, तर आपल्यासारखंच होस्टेल. लिव्हिंग्स्टन हॉल नावाच्या वसतिगृहात त्यांचे रूममेट होते नवल भथेना. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोलंबियात त्यांनी काय शिकलं याचा हिशोब उपलब्ध आहे आणि तो वाचून आपल्या आठ सेमिस्टरची लाजच वाटते. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. बेरीज ६०. १९१५ मध्ये एम.ए. झालं, प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर. पीएच.डी.चा प्रबंधही पुढे मान्य झाला, पण पदवी हातात पडली १९२७ मध्ये. कारण? कोलंबियाचा नियम होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पदवी नाही. छापायला पैसे हवेत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं ते पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने १९२५ मध्ये छापलं, तेव्हा कुठे पुढची वाट मोकळी झाली. प्रवेशाचे नियम सगळे वाचतात, पदवी मिळण्याचे नियम कोणी वाचत नाही.

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. इथे शिफारसपत्राचा भाग येतो. कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून त्यांची शिफारस केली होती. दोघंही अर्थशास्त्राच्या जगात नावाजलेले, म्हणजे पत्राला वजन होतं. पण वर्षभरात शिष्यवृत्ती संपली आणि परत यावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन शिक्षण पुरं करण्याची परवानगी त्यांनी लंडनहून घेऊन ठेवली होती, हे मला फार हुशारीचं वाटतं. आज याला 'डेफर' म्हणतात. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पैशाला पैसा जोडणं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची १५०० रुपयांची मदत आणि ५००० रुपयांचं कर्ज. कर्ज कोणी दिलं? नवल भथेनांनी. होस्टेलच्या रूममेटने! (हा परिच्छेद मी माझ्या रूममेटला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला. तिने फक्त पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.) १९२० मध्ये ते परत लंडनला गेले, १९२१ मध्ये एम.एससी. आणि १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधावर डी.एससी.

विदर्भाशी नातं असलेलं आणखी एक नाव म्हणजे धनंजयराव गाडगीळ. बालपण नागपुरात, पुढे केंब्रिज, तिथे भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये पुस्तक म्हणून आला. १९३० मध्ये पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तेव्हापासून तिची धुरा त्यांनी सांभाळली. असो, त्यांच्यावर वेगळा लेख होईल.

आता आजचं बघू. १९१३ मध्ये जे लागत होतं तेच आजही लागतं – आधीची पदवी किंवा गुण, भाषा, शिफारस, पैसा. एकच मोठी भर पडली आहे. ती म्हणजे गणित.

बारावीनंतर थेट इंग्लंडला अर्थशास्त्राच्या पदवीला जायचं असेल तर लंडन स्कूल किंवा केंब्रिज तुमचं बारावीचं इकॉनॉमिक्स आधी बघत नाहीत, गणित बघतात. त्यांच्याकडच्या मुलांनासुद्धा ए-लेव्हलच्या गणितात सर्वोच्च ग्रेड मागितली जाते. अर्थशास्त्र विषय शाळेत घेतला नसेल तरी चालतं, गणित नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. केंब्रिजला त्याशिवाय टीएमयूए नावाची गणिती विचारक्षमतेची वेगळी परीक्षाही द्यावी लागते. आपल्या बारावीसाठी प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा आकडा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी सीबीएसईसाठी एक आणि राज्य मंडळांसाठी दुसरा. काही ठिकाणी राज्य मंडळाच्या मुलांना आधी एक फाउंडेशन वर्ष करायला लावतात. अर्ज यूकास या एकाच यंत्रणेतून, एका वर्षी पाच पर्याय, पण ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. या दोघांची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर असते. त्या दिवशी आपल्याकडे दीक्षाभूमीवर गर्दी असते, त्यामुळे तारीख विसरायला चंद्रपूरकरांना तरी निमित्त नाही.

गणित कशाला, असं कोणी विचारेल. अहो, 'मार्जिनल' हा शब्द अर्थशास्त्राच्या प्रत्येक पानावर आहे आणि त्याचा अर्थ डेरिव्हेटिव्ह, दुसरं काही नाही. आणखी एक टन कोळसा काढायला किती खर्च वाढेल? खर्चाच्या वक्राचा त्या बिंदूवरचा उतार. ठरलेल्या पैशात जास्तीत जास्त समाधान कसं मिळवायचं? लॅग्रांजचा गुणक, जो आपण एम-टू मध्ये शिकलो आणि पेपर झाल्यावर विसरलो. पावसाचा आणि धानाच्या भावाचा संबंध काढायचा तर लीस्ट स्क्वेअर्स, जे आपण लॅबच्या रीडिंगवर रेघ मारताना वापरतो. म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुलांनी अर्थशास्त्राला घाबरायचं कारण नाही, अर्धं सामान आपल्या बॅगेत आधीच आहे.

खरी अडचण आपली नाही. ती धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या मुलामुलींची आहे, जी दहावीनंतर आर्ट्सला जातात. आर्ट्स म्हणजे गणित सुटलं, अशीच समजूत घरी असते, मित्रांत असते आणि कधी कधी ॲडमिशनचा फॉर्म घेणाऱ्या खिडकीतही असते. अकरावीला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र घेतलं आणि त्या दिवशी, सोळाव्या वर्षी, कोणी न सांगता एक दार बंद झालं. वास्तविक आपल्या मंडळात 'गणित आणि संख्याशास्त्र' हा विषय कला व विज्ञान शाखांसाठी आहे. नावातच कला आहे! आर्ट्सला गणित घेता येतं. गावाकडे कोणाचा भाऊ, कोणाची बहीण दहावीत असेल तर एवढं एक वाक्य या दिवाळीत घरी जाऊन सांगाच.

हे दार किती जड असतं त्याचं एक उदाहरण. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश दिला नव्हता, कारण गणित कमी पडलं. आणि गणित कमी पडलं, कारण शिकत असताना मुलीने ट्रिगोनॉमेट्री घेऊन काय करायचं असा सल्ला मिळाला होता. त्यांनी राज्यशास्त्रात पीएच.डी. केली. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे मिळवणारी पहिली स्त्री. विषय कोणता? गावं आपली जंगलं, कुरणं, पाणी सरकार किंवा मालक नसतानाही एकत्र येऊन कशी सांभाळतात, हा. आणि त्याच २००९ मध्ये आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा. हे दोन्ही एकाच वर्षी झालं हे मला लायब्ररीत बसून समजलं तेव्हा मी उठून पाणी पिऊन आले.

बी.ई. नंतर मास्टर्सला जायचं तर चित्र बरं आहे. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, आपली चार वर्षांचीच आहे. जीआरई लागते. तिच्या क्वांटमधलं गणित दहावीच्या पातळीचं असतं, त्यामुळेच अर्थशास्त्रवाले १७० पैकी १६५ च्या पुढची अपेक्षा ठेवतात. व्हर्बलकडे तेवढं बघत नाहीत. इंग्रजीसाठी आयईएलटीएस, साधारण साडेसहा ते साडेसात. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे सगळे मला म्हणतात तुझं काय, तू सुटलीस. पण आयईएलटीएसला ग्राफ बघून दीडशे शब्दांत वर्णन लिहावं लागतं, ते नन्सनी काही शिकवलं नव्हतं.)

ज्यांनी अर्थशास्त्र पदवीला शिकलंच नाही, म्हणजे आपण, त्यांच्यासाठी मधला जिना असतो. केंब्रिजला दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांसाठी नऊ महिन्यांचा अर्थशास्त्राचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा आहे. लंडन स्कूलमध्ये एम.एससी.चा दोन वर्षांचा प्रकार आहे, पहिलं वर्ष पाया भरायला. अमेरिकेत सरळ पीएच.डी.ला अर्ज करता येतो, मास्टर्सची सक्ती नसते, आणि चांगल्या विद्यापीठांत फी माफ होऊन वर भत्ता मिळतो. पण तिथे 'रिअल ॲनालिसिस' शिकलात का असं विचारतात. आपलं एम-थ्री म्हणजे रिअल ॲनालिसिस नव्हे. आपण फॉर्म्युला वापरतो, ते सिद्धता मागतात. हा विषय ऑनलाइन का होईना, वेगळा करून सर्टिफिकेट जोडावं लागतं.

आता पैसा. इथे नियम बारीक आहेत आणि इथेच अर्ज पडतात.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जणांना. नाव बघा, ज्या शाहू महाराजांनी १९२० मध्ये दीड हजार दिले त्यांचंच. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती वेगळी. तिची आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची शाखा आदिवासी कार्य मंत्रालयाकडे आहे, वर्षाला २० जागा, मास्टर्स आणि त्यापुढच्या शिक्षणासाठी. या वीसपैकी ३ जागा अतिमागास आदिम जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात अशा जमाती तीनच – कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. माडिया म्हणजे आपले भामरागड-एटापल्लीचे. संपूर्ण देशात तीन जागा कमीच, पण त्यासाठी लढणारे अर्जही किती असतील, विचार करा. आपल्या कॉलेजात माडिया मुलं आहेत. त्यांना हे माहीत आहे का, हे वॉर्डन सरांनी आणि एससी-एसटी सेलने एकदा बोर्डावर लावून टाकावं, ही विनंती.

एक कलम मात्र चष्मा लावून वाचा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२२ मध्ये अनुसूचित जातींसाठीच्या शिष्यवृत्तीच्या नियमांत घातलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यात बसणार नाहीत. मंत्रालयाचं म्हणणं असं होतं की हे विषय देशातच चांगले शिकता येतात. मला हे पटत नाही. बाबासाहेबांचे परदेशातले प्रबंध घ्या. प्राचीन भारतीय व्यापार, ब्रिटिश हिंदुस्थानची प्रांतिक वित्तव्यवस्था, रुपयाचा प्रश्न. एकही भारताबाहेरचा विषय नाही. तेव्हा तुमचा विषय कोणत्या शब्दांत मांडता आणि त्या वर्षीच्या जाहिरातीत काय लिहिलं आहे, हे ताडून बघा. उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठांच्या क्रमवारीची अटही बदलत राहते.

जे कोणत्याही प्रवर्गात बसत नाहीत त्यांना बँकेचं कर्ज, किंवा १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती. हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा काही मोजक्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश ठरतो आणि मग गरजेएवढी मदत देतात. प्रवेश मिळणं महाकठीण, पण अर्जाला बंदी नाही.

आता ज्याला 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणतात ते. सीनियर्सची स्टेटमेंट्स पेन ड्राइव्हवरून फिरतात, मी काही वाचली आहेत. सगळ्यांची सुरुवात "लहानपणापासून मला..." अशी. लहानपणापासून कोणाला अर्थशास्त्राची आवड असते हो? प्रवेश समितीला तुमची आवड नको असते, तुमच्याकडे प्रश्न आहे का ते हवं असतं. आणि प्रश्नांच्या बाबतीत चंद्रपूर-गडचिरोलीएवढी श्रीमंत जागा नाही.

तेंदूपानाचंच घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात पानं तोडतात. पूर्वी लिलाव वनखात्याचा. पेसा आणि वनहक्क कायदा आल्यावर अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. मग शेजारशेजारच्या दोन गावांत, तीच पानं, तोच हंगाम, दर वेगळा. का? ठेकेदार कमी आले म्हणून? ते आपसात ठरवून आले म्हणून? की एका गावाने रस्ता पावसात बंद होण्याआधी घाईने विकून टाकलं? विकणारे अनेक आणि घेणारा एकच असेल तर त्याला अर्थशास्त्रात मोनोप्सनी म्हणतात, आणि लिलाव कसा रचावा या शास्त्रावर २०२० चं नोबेल मिल्ग्रोम आणि विल्सन यांना मिळालं. मेंढा-लेखाचा बांबू घ्या. हक्क २००९ ला मिळाला, पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, तो ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं. कारण वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज, आणि १९२७ च्या वन कायद्यात तो तेव्हा झाड होता. मालकी आहे पण विकता येत नाही, तर त्या मालकीची किंमत किती? हा प्रश्न लंडनच्या प्राध्यापकाला पुस्तकात वाचावा लागतो. धानोऱ्याच्या मुलाला तो घरी बसून माहीत असतो. आणि आपल्या ऊर्जानगरच्या थर्मलची वीज राज्यभर जाते, राख मात्र इथेच राहते, तिचा हिशोब कोणाच्या वहीत लिहायचा? बाह्य खर्च म्हणजे एक्स्टर्नॅलिटी, हा तर पहिल्याच वर्षाचा धडा. यातला एक प्रश्न घ्या, दोन गावांचे पाच वर्षांचे आकडे ग्रामसभेच्या वहीतून उतरवा, एक साधा आलेख काढा. असं स्टेटमेंट वाचताना कोणाला झोप येणार नाही.

शिफारसपत्रं दोन किंवा तीन लागतात. आपल्या सरांना कोणी सेलिग्मनएवढं ओळखत नाही हे खरं, पण "विद्यार्थिनी प्रामाणिक व कष्टाळू आहे" या छापील वाक्याने कुठेही काम होत नाही. गणिताच्या सरांना तुमचा एखादा प्रोजेक्ट दाखवा, म्हणजे त्यांना लिहायला काहीतरी असेल. महिनाभर आधी सांगा. डेडलाइनच्या आदल्या रात्री फोन केला तर कोणतेही सर छापीलच लिहिणार.

कागदपत्रांचं शेवटचं. आपल्या भागातली कॉलेजं २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाखाली होती, त्या वर्षी गोंडवाना विद्यापीठ झालं. जुन्या सीनियर्सच्या आणि आपल्या गुणपत्रिकांवरची नावं वेगळी दिसतात, तर ट्रान्सक्रिप्टसोबत ग्रेडिंगची पद्धत समजावणारा कागद विद्यापीठाकडून मागून घ्या. जात वैधता प्रमाणपत्र अजून नसेल तर आजच अर्ज टाका, त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. दहावीच्या सनदेवर आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच हवं, वडिलांच्या नावासकट. इंग्लंडच्या व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी आणि बँकेत सलग २८ दिवस ठेवलेली रक्कम दाखवावी लागते. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र. जीआरईचा स्कोअर पाच वर्षं चालतो, त्यामुळे ती थर्ड इयरच्या उन्हाळ्यात, गणित ताजं असताना देऊन टाका. आयईएलटीएस दोनच वर्षं चालते, तिची घाई करू नका.